काकूंच्या अंगणातला मामा तलाव

मी आमच्या गावचा तलाव उचलून काकूंच्या अंगणात नेऊन ठेवला. तोही भरलेला.

मी शाळेत चौथी-पाचवीला नकाशावाचन शिकवतो, हे आत्ताच कबूल करून टाकतो. नाहीतर गावातलं कुणीतरी सांगेलच.

झालं असं, की गावातली पाण्याची ठिकाणं मोबाइलवर नोंदवायचं काम माझ्याकडे आलं. लाखनीला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. नियम सोपा होता: तलावाच्या पाळीवर उभं राहायचं, फोटो काढायचा आणि तिथंच बटण दाबायचं. 'तिथंच' का, हे सांगत होते तेव्हा मी जेवणाच्या रांगेत नंबर लावायला गेलो होतो.

आमचा तलाव म्हणजे मामा तलाव, जुन्या मालगुजारांनी म्हणजे गावच्या जमीनदारांनी बांधलेला. 'माजी मालगुजारी' एवढं लांबलचक कोण म्हणणार, म्हणून कागदावर मा. मा. आणि तोंडात मामा. पाळीवर पोचलो तर फोनला टॉवर नाही. गावात टॉवर हमखास सापडतो तो काकूंच्या अंगणात, चिंचेखाली. काकू माझ्या शेजारीण. शाळेत खिचडीही त्याच शिजवतात. मी पाळीवरून फोटो तेवढा घेतला आणि त्यांच्या खाटेवर येऊन बसलो. फोननं विचारलं, 'आपण याच ठिकाणी आहात का?' मी खोटं बोलत नाही. 'हो' दाबलं, काकूंनी दिलेला चहा प्यायलो आणि घरी गेलो.

थंडीत गावठाणातल्या घरांची मोजणी आली. आधी ड्रोन उडालं, मग मोजणीवाल्या मॅडम दारोदार फिरू लागल्या. काकूंच्या घराचा कागद कधीच नव्हता. सासऱ्यांनी बांधलं, सगळे राहिले, संपलं. आता पहिल्यांदा काकूंच्या नावानं घराच्या मालकीचं कार्ड निघणार होतं, म्हणून त्यांनी अंगण सारवून ठेवलं होतं. मॅडमनी हातातल्या टॅबकडे पाहिलं, मग घराकडे, मग परत टॅबकडे.

"काकू, तुमचं घर तलावात दाखवतंय. तलावातल्या घराचं कार्ड निघत नाही."

"तलावात? मंग मी का मासोळी आहो?"

"पाण्याच्या नोंदींत इथं मामा तलाव लिहिलंय."

"मामा भाचीच्या घरी येते मॅडम, पण पाण्यासकट कायले येईन?"

मी कुंपणापलीकडे दात घासत ऐकत होतो. हळूच आत सटकणार, तोवर मॅडमनी नोंद करणाऱ्याचं नाव मोठ्यानं वाचलं.

ज्यानं नोंद केली त्यानंच खऱ्या जागी जाऊन ती दुरुस्त करायची, असा नियम निघाला. आणि ते आजच, कारण उद्या मोजणी पुढच्या गावाला जाणार होती. आम्ही तिघं तलावावर निघालो. पुढे मॅडम, मागे काकू, मध्ये मी, म्हणजे पळून जायची सोय नाही.

पाळीवर पोचताच मी फोन डोक्यावर धरून टॉवर शोधू लागलो.

"सर, जागा उपग्रहावरून कळते," मॅडम म्हणाल्या. "टॉवर फक्त माहिती पाठवायला लागतो. ती नंतरही पाठवता येते."

"ते मला माहीत आहे," मी म्हणालो.

"माहीत हाये तं मह्या अंगणात काहून दाबलं?" काकूंनी विचारलं.

मी बटण दाबलं. चिंचेखाली परतून माहिती पाठवली, आणि थोड्या वेळानं मॅडमच्या टॅबवरचा निळा डाग काकूंच्या घरावरून हलून तलावावर गेला. काकूंनी त्याच्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं, जणू तो परत यायचा. मग मॅडमनी कार्डासाठी त्यांचं नाव लिहून घेतलं. काकूंनी ते दोनदा वाचायला लावलं.

जाता जाता मॅडमनी सहज विचारलं, "सर, गावातल्या विहिरी तरी जागेवर जाऊन नोंदवल्या ना?"

मी चपला शोधू लागलो. चारही विहिरी त्या खाटेवर बसूनच झाल्या होत्या, एकाच चहात.

काकू मॅडमकडे वळल्या. "तुमच्या त्या नकाशात नीट लिहून घ्या मॅडम. या गावात मामा दोन हायेत. एक तलाव, न दुसरे हे गुरुजी."