काकांच्या बागेचा चार्ज

शंकरकाकांच्या बागेत पाचोळा झाडायला मनाई होती. पान पडायचे, तिथेच कुजायचे, त्यावर दुसरे पडायचे. किस्सेही तसेच साचत गेले. मी मोटार वाइंडिंगचे काम करतो. नववीत शाळा सोडली तेव्हापासून सोनाळ्यात हेच. काकांची पाण्याची मोटार पंधरा मिनिटांत सुरू व्हायची आणि मी तिथे दोन तास बसायचो. बोलायचो कमी, ऐकायचो जास्त. आता बाग काकांची राहिली नाही, म्हणून साचलेले सांगतो.

काका एसटीत स्टोअरकीपर होते. रिटायर झाल्यावर घरामागच्या अर्ध्या एकरात त्यांनी पाखरा-जनावरांसाठी झाडोरा वाढू दिला. बोर, निंब, करवंद, मधे पाण्याचे टाके. एकदा काकूंचा भाचा मागे चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, जागा मोठी आहे. साफ करून मस्त बाग लावा."

"विचार चालू आहे," काका म्हणाले. तेव्हा बागेला बारा वर्षे झाली होती.

*

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्टार्टरच्या डब्यावर खडूने लिहिले होते : 'काम बंद. आत बेडूक.'

मी पेचकस काढला, तर काकांनी हात धरला. "हाकलू नको. एवढ्या उन्हाचा जाईन कुठी?"

चार दिवस मोटार बंद. शेजारच्या गणेशसरांच्या नळावरून काका बादलीने टाके भरत होते. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला म्हणाल्या, "माह्यासाठी कधी एक बादली उचलली नाई या माणसानं. मी बेडकीच पाह्यजे होती."

*

रहीमचाचा गावातले टेलर, काकांचे जुने दोस्त. बागेत शिंपी पक्ष्याने उंबराची दोन पाने शिवून घरटे केले, तेव्हा काकांनी त्यांना मुद्दाम बोलावले. चाचांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि हात मागे बांधून बराच वेळ पाहिले.

"माप न घेता शिवलं," ते म्हणाले, "पण फिटिंग पाहा."

पिल्ले उडेपर्यंत चाचा दर शुक्रवारी नमाजानंतर येत राहिले. काकूंनी कारण विचारले, तर म्हणाले, "आपल्या धंद्यातला माणूस आहे भाभी. इचारपूस ठेवा लागते."

*

मग काकांचे गुडघे गेले. उन्हाळ्यात रोज टाके भरायचे, तीस परळांत, म्हणजे मातीच्या पसरट थाळ्यांत, पाणी ओतायचे, वाटेवरचे काटे छाटायचे. मी आणि सर जमेल तेवढे करायचो, जमायचे कमी.

मागच्या मे महिन्यात मी गेलो, तर काका टाक्याजवळ आडवे पडलेले. मी धावलो. त्यांनी ओठांवर बोट ठेवले. त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक तितर पाणी पीत होता. तो उडेपर्यंत काका आडवे आणि मी उभा.

उठवताना म्हणाले, "अर्धा घंटा झाला पडून. पण इतक्या जवळून कधी पाह्यला नवता."

काकू यावर हसल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी खामगावच्या मुलीला फोन लावला, की आम्ही येतो. काकांनी नको म्हटले नाही. दोन दिवसांनी मला एवढेच म्हणाले, "पोरीसाठी घर पाह्यतो ना आपण, तसं बागेसाठी पाहा लागन."

घर शेजारीच निघाले. गणेशसरांनी बाग घेतली.

*

पण जन्मभर स्टोअर सांभाळलेला माणूस नुसता कसा जाईल? काकांनी रजिस्टर आखले आणि सरांना रीतसर चार्ज दिला. टाके एक. परळ तीस, पैकी चार फुटके. मुंगूस दोन. सातभाई पक्षी एक टोळी, मोजून देणे अशक्य. बांधाच्या बिळात धामण एक, जुनी.

सर प्रत्येक ओळीसमोर सही करत गेले आणि धामणीपाशी थांबले. "काका, बाकी सगळं पाहिलं. ही काही मी पाहिली नाही. सही कशी करू?"

मला वाटले, काका चिडतील. ते खूश झाले. "बरोबर आहे. मीबी केली नसती."

तीन दिवस दुपारभर आम्ही तिघे बिळासमोर खुर्च्या टाकून बसलो. आत काकू भांडी बांधत होत्या. धामण काही आली नाही.

चौथ्या दिवशी टेम्पो दारात लागला. सरांनी स्वतःच पेन काढला. "आणा काका, करतो सही."

काकांनी रजिस्टर मिटले. "नाई सर. पाह्यल्याबिगर नाई. तेवढी माह्या चार्जमधी राहू द्या."

*

काका दर रविवारी सरांना फोन करतात. गेल्या रविवारी मी सरांसोबत बागेतच होतो. टाके भरत होते. आम्ही वळलो, तर वाटेवर धामण. या कडेपासून त्या कडेपर्यंत, उन्हात निवांत पसरलेली. आम्ही जागच्या जागी थांबलो.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला. पाण्याचे विचारून झाले, सातभाईंचे झाले. मग काकांनी विचारले, "अन् धामण दिसली काय?"

सरांनी धामणीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"नाही काका," ते म्हणाले. "अजून नाही दिसली."

पलीकडून काका म्हणाले, "बरं बरं. मंग पुढच्या रविवारी इचारतो."