दुपारच्या शोला आईबरोबर

सोसायटीतल्या बायकांचं सिनेमाला जायचं ठरलं, तेव्हा आईने मला न विचारताच माझंही नाव देऊन टाकलं. नवऱ्याचं घर सोडून मी नागपूरहून कर्वेनगरला आईकडे आले होते. आई शेजारीपाजारी सांगायची, "ऑफिसचं काम आहे तिचं इकडे."

सिनेमा विनोदी होता, एकमेकांना विटलेल्या नवरा-बायकोचा. नवऱ्याने चहाचा रिकामा कप खिडकीत ठेवला आणि आमची अख्खी रांग खिदळली. मागून कोणीतरी म्हणालं, "आमच्याकडे फ्रिजवर ठेवतात." पुन्हा हशा. पडद्यावरची दोघं तावातावाने भांडत होती. आमच्या घरात कित्येक महिने कोणी भांडतही नव्हतं. मी सारखी चुळबुळत होते. मोबाइल पर्समधून काढायचा, परत ठेवायचा.

मग ती बायको बॅग घेऊन माहेरी आली. तिची आई शेजारणीला म्हणाली, "हवापालटाला आलीय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी आई हसली नाही.

मध्यंतरात समोशांच्या रांगेत वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं, "काय गं, जावईबापू एकदाही दिसले नाहीत?"

मी ठरलेलं उत्तर देणार, तोच आई म्हणाली, "दिसणार नाहीत. ती परत आलीय."

"म्हणजे कायमची?"

"ते तिचं ती ठरवेल. तुम्ही समोसा घेताय ना?"

काकूंनी मान डोलावली. माझी कानशिलं तापली होती. "घरी जाऊ या," मी आईला म्हटलं.

"बस गप. आत्ता उठलो तर सगळ्यांना चघळायला विषय."

उरलेला सिनेमा मी पाहिला, पण डोक्यात काही शिरलं नाही. शेवटी दोघांचा समेट झाला, एवढं आठवतं.

रिक्षात मी आईला म्हटलं, "आधी मला विचारायचंस."

"तू नको म्हणाली असतीस."

"हो."

"मला रोज खोटं बोलवेना गं," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

मला तिचा राग आला होता, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. खरं तर, परत येणार नाही हे मी नवऱ्यालाही अजून स्पष्ट सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर चप्पल न काढताच गॅलरीत गेले आणि फोन लावला. येरझारा घालत एका दमात सांगून टाकलं.

तो म्हणाला, "तुझी पुस्तकं पाठवू का?"

मी हो म्हटलं.