घाबरटाचा बांध

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत पालिका बाग करणार आहे असं कळलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कशासाठी?"

बायको म्हणाली, "बसायला. बागेत लोक बसतात."

"ते मला माहीत आहे. पण कशासाठी?"

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नव्हता. भाईंदर पूर्वेच्या आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आणि चार भाषा आहेत. पार्किंग, पाण्याची वेळ, लिफ्टमध्ये सायकल न्यावी की नाही, कशावरच आमचं एकमत होत नाही. पण 'इस में कुछ तो है' या एका वाक्यावर चारही दारं उघडतात. समोरचे गुजराती शेजारी त्या दिवशी चहाचा कप घेऊनच बाहेर आले आणि म्हणाले, "भाईसाब, आज गार्डन देंगे, कल गार्डन का गेट लगाएंगे, परसों बोलेंगे गेट के बाहर से देखो." मी मान डोलावली. इतकं मनापासून मी कुणाशी फार क्वचित सहमत होतो.

ती जागा म्हणजे डेब्रिजचे ढीग, फुटके कमोड, कुणीतरी टाकून दिलेला सोफा आणि त्या सोफ्यावर कायम झोपलेली दोन कुत्री. इतकी वर्षं कुणाला ती जागा दिसली नव्हती. आता एकदम दिसली म्हणजे त्यात काहीतरी असणारच.

संशय ही आमच्या घराण्याची जुनी सवय. आम्ही इथले जुने. इथं आमचं भात होतं, त्यापलीकडे खाडीच्या अंगाला मिठागर. आजोबांनी 'रस्त्याला चार हात जागा' म्हणून कुणा मध्यस्थाच्या कागदावर अंगठा दिला. रस्ता झाला. त्या रस्त्यानं आधी आमचं भात गेलं, मग मीठ गेलं. आजोबा शेवटपर्यंत आपल्या अंगठ्याकडे असे बघायचे, की तो दुसऱ्याच कुणाचा असावा. तेव्हापासून आमच्या घरात सही म्हटलं की लोक आधी पेन लपवतात. मी तर कुरियरवाल्यालाही सही देण्याआधी वरचं बारीक अक्षर वाचतो.

या घरात मिठाच्या पाण्यात पाय घालून काम केलेला एकच माणूस आता उरलाय, माझे काका. वय ऐंशीच्या घरात. काकू गेल्यापासून ते आमच्याकडे राहतात. मी मिठागर पाहिलं ते लहानपणी, बांधावर उभं राहून. मीठ ओळखतो ते पुडीवरून. काकांना मात्र प्रत्येक वाफ्याचं नाव पाठ आहे. मिठाच्या वाफ्यांना नावं असायची, घरातल्या जनावरांना असतात तशी. ती नावं कुठल्या कागदावर नाहीत. काका दाढी करताना आरशासमोर ती पुटपुटतात. आम्हांला वाटायचं, रक्तदाबाच्या गोळ्या मोजताहेत.

तर एका रविवारी बागेचं डिझाइन करणारी मुलगी आमच्याकडे आली. पंचविशीची असेल. हातात आमच्या भागाचा भलामोठा नकाशा, पाठीवर बॅग, आणि तोंडात गोड भाषा. गोड भाषा ऐकली की मी सावध होतो. त्यात ती मला 'काका' म्हणाली आणि काकांना 'आजोबा', म्हणजे सुरुवातच चुकीची झाली.

"आजोबा," ती म्हणाली, "नुसती झाडं आणि घसरगुंडी सगळीकडेच असते. ही बाग इथली वाटली पाहिजे. इथं आधी मिठागर होतं म्हणतात. बाकांना आणि पायवाटेच्या वळणांना आम्ही जुन्या वाफ्यांची नावं देणार आहोत. तुम्ही सांगाल?"

काकांनी नकाशा स्वतःकडे ओढला. आधी त्यांना तो उलटा वाटला. मग त्यांनी खाडी शोधली, रेल्वेची लाइन शोधली, आणि त्यांचं बोट एका जागी जाऊन थांबलं. "ही बघ," ते म्हणाले, "हितं मोठा बांध व्हता. आनि त्याच्या खाली..."

मी खोकलो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी परत खोकलो. तिनं पुढं केलेल्या फॉर्मवर मला एक ओळ दिसली होती : 'वरील माहिती मी स्वेच्छेने देत आहे.' स्वेच्छेने! हा शब्द आला की माणसाची इच्छा गेलीच समजायची. मी तिला म्हटलं, "पुढच्या रविवारी या. त्यांना आठवायला वेळ लागतो." काकांना काय आठवायचं होतं! ते तेवढ्या वेळात अर्धं मिठागर ओलांडून गेले होते.

ती गेल्यावर मी काकांना स्वयंपाकघरात घेतलं. "खरी नावं सांगायची नाहीत."

"का?"

"आपल्याकडे उरलंय काय? जमीन नाही, कागद नाही. नावं तेवढी आपली आहेत. ती लिहून दिली की तीही त्यांची झाली. उद्या काही निघालंच तर आपण काय दाखवणार?"

बायको कणीक मळत होती. "अहो, आपली कुठल्या कोर्टात केस चालू आहे?"

"नाहीये. पण उद्या असली तर?"

"उद्या मी पुरणपोळ्या केल्या तर? म्हणून आज उपाशी बसू?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. काका खिडकीतून त्या सोफ्यावरच्या कुत्र्यांकडे बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "माज्यामागं ती नावं कोन बोलंल?"

"आम्ही आहोत ना."

"एक सांग बरं."

मला एकही सांगता आलं नाही. पण मी मागे हटलो नाही. "खोटी सांगा," मी म्हटलं. "बाग होऊ दे, बसू दे लोकांना. नावं आपली आपल्याकडे."

"खोटं बोलाचं तं नीट बोलाला पायजे," काका म्हणाले आणि उठून गेले.

पुढच्या रविवारी ती आली. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. खोटं बोलायला इतका नटलेला माणूस मी पाहिला नव्हता. मी दाराआड उभा राहून फटीतून बघत, ऐकत होतो. काकांनी सात नावं सांगितली, प्रत्येकामागे एक गोष्ट, आणि एकदाही अडखळले नाहीत. 'घाबरटाचा बांध' हे ऐकून तर मी मनात टाळ्या वाजवल्या. काय कल्पनाशक्ती! सही करता करता काकांनी फक्त विचारलं, "पोरी, हे कवा लागंल?"

"दिवाळीपर्यंत, आजोबा."

दिवाळीच्या थोडं आधी बाग उघडली. मी पहिल्याच सकाळी पाहणी करायला गेलो. बाक हलवून बघितले. दिवे मोजले. गेटला कुलपाची कडी आहे का ते बघितलं. होती, आणि मला फार बरं वाटलं. मग मी आणि बायको पायवाटेनं निघालो. वळणावळणावर गुडघ्याएवढ्या उंचीच्या फरशा लावल्या होत्या, त्यावर नावं आणि खाली दोन ओळी. 

पहिली फरशी : 'घाबरटाचा बांध. इथं एक गडी पाण्यात न उतरता काठावरूनच सर्वांना सूचना करीत असे.'

दुसरी : 'खोकऱ्याचं वळण. इथला एक जण कामाची गोष्ट निघाली की खोकत असे.'

तिसरी बाकाजवळ होती : 'दारामागचा वाफा. इथल्या मालकाला आडून ऐकण्याची सवय होती.'

"छान जमवलंय काकांनी," मी म्हटलं. "अगदी खरी वाटतात."

बायको बाकावर बसून इतकी हसत होती की तिला बोलता येईना. "अहो," ती शेवटी म्हणाली, "नीट वाचा. ही सगळी तुमचीच नावं आहेत."

मी परत पहिल्या फरशीपाशी गेलो आणि तिथून सातही वाचत आलो. उरलेल्या चारांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही.

पण खरी गंमत पुढेच. नावं चालू लागली. महिनाभरात डिलिव्हरीवाल्यांना पत्ता सांगताना लोक 'घाबरटाच्या बांधाच्या मागची बिल्डिंग' म्हणू लागले. संध्याकाळी तिथं आमच्या मजल्याच्या चारही भाषा एका बाकावर बसायला लागल्या. समोरचे शेजारी, ज्यांनी गेटचं भाकीत केलं होतं, ते मला म्हणाले, "भाईसाब, कल हम घाबरटाचा बांध पे बैठे थे. क्या हवा है! ये घाबरट कौन था, कोई हीरो था क्या?"

"होगा कोई," मी म्हटलं.

इतकी वर्षं आम्ही पत्त्यात फक्त बिल्डरच्या नावाचं कॉम्प्लेक्स सांगत आलो. आता आमच्या भागाला स्वतःचं नाव होतं, आणि ते खोटं होतं. लोक तिथं खरंच बसत होते, बोलत होते, एकमेकांच्या पोरांना ओळखत होते, आणि या सगळ्याखाली काकांची थट्टा होती. मी तरीही वाट बघत होतो, कधी तिकीट लावतात, कधी ती कडी वापरतात.

काका मात्र एकदाही बागेत आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. मला तेही संशयास्पद वाटलं, कारण त्याच गुडघ्यांनी ते स्टेशनजवळच्या बाजारात बोंबील बघायला जायचे.

शेवटी बायकोनंच एका संध्याकाळी त्यांना हाताला धरून आणलं. मी मागून. काका पहिल्या फरशीशी थांबले नाहीत, दुसरीशीही नाहीत. तिसऱ्या फरशीच्या बाकापाशी उभे राहिले. बरोबर तिथंच, जिथं त्या दिवशी नकाशावर त्यांचं बोट थांबलं होतं.

"ह्याला नवरीचा वाफा म्हनत," ते म्हणाले.

मी वाकून फरशीकडे बघितलं.

"तुजी काकी लगीन होऊन आली. पयल्याच दिवशी आमची भाकर घेऊन आली बांधावरनं. हितं घसरली ती कमरेएवढ्या पान्यात बसली. भाकर डोक्यावर तशीच. आमी समदे हसलो. सगल्यांत मोठ्यानं तीच हसली. तवापासनं नवरीचा वाफा." त्यांनी फरशीवरची धूळ हातानं पुसली. "तिची जागा हाय ही. हितं तुजं नाव लागलंय."

"तुम्हीच तर सांगितलंत ते."

"मीच सांगितलं. तू सांग म्हनलास म्हनून. बाकी सा ऱ्हाऊ देत खोटी, मना काय न्हाय. ह्ये एक खरं पायजे व्हतं."

मी खोकलो.

दुसऱ्या दिवशी मी प्रभाग कार्यालयात गेलो. ती मुलगी भेटली. मी सगळं सांगितलं. दाराआड उभा होतो तेही. तिनं न हसण्याचा फार प्रयत्न केला. मग म्हणाली, "काका, बदल करता येईल. पण आधीची माहिती चुकीची होती असं तुम्हांला लिहून द्यावं लागेल."

"सही?"

"हो."

फॉर्म तोच होता. तीच ओळ. मी बारीक अक्षर दोनदा वाचलं. 'चुकीच्या माहितीचे कारण' असा एक रकाना होता; तिथं मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी 'संशय' असं लिहिलं. खाली सही केली. बाहेर येऊन अंगठ्याकडे बघितलं. माझाच होता.

एक बदलायचंच होतं, तर काकांनी या वेळी सहाच्या सहा खरी नावं लिहवून घेतली. माझ्या शाळकरी पोरीनं ती वहीत उतरवली, मला एकेक पाठ करायला लावलं आणि चुकलं की परत म्हणायला लावलं. सातव्याला काका म्हणाले, "घाबरटाचा बांध तसाच ऱ्हाऊ दे. लोकांना सवय झालीय."

"पण तो खोटा आहे!"

"आता न्हाय," काका म्हणाले.

नवी फरशी लागली त्या संध्याकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. 'नवरीचा वाफा' या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं, खालच्या दोन ओळी माझ्याकडून वाचून घेतल्या, आणि बाकावर टेकले. मी शेजारी बसलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ती घसरली न्हवती."

"म्हणजे?"

"मीच पाय आडवा घातला व्हता. तिला ठावूक व्हतं. कुनाला बोलली न्हाय."

मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चेहरा तोच, सात खोटी नावं सांगताना होता तो. हे खरं की खोटं, मला अजून ठरवता आलेलं नाही.