शेवयाच्या मशीनचा दांडा

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. ॲल्युमिनियम सहाशे साठ अंशांना वितळतं, हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं; वितळताना मात्र कधी पाहिलं नव्हतं. मानवतला आमच्या शेवयाच्या मशीनचा दांडा मोडला आणि तसा दुसरा परभणीच्या बाजारातही मिळेना, तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले, "मीच ओतते."

"कशात?" त्यांनी पेपर खाली केला.

"मागच्या अंगणात भट्टी करते."

"आता या वयात भट्टी!" म्हणाले खरे, पण माळ्यावरची गळकी लोखंडी बादली त्यांनीच काढून दिली. मोबाइलवर बघून मी तिला आतून मातीचा जाड थर दिला. पहिल्याच जाळाला तो ताडताड तडकला. शेजारची कुंभारीण मावशी कुंपणावरून बघत होती.

"काळी माती घेतली व्हय बाई? ती लय फाटती. पांढरी घ्या, राख घाला, भुसा घाला. अन् सावलीत वाळू द्या."

"किती दिवस?"

"घाई न्हाई करायची, बस."

तसा नवा थर देऊन बादली आठ दिवस वाळवली. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला, बुडाशी जुन्या ब्लोअरची नळी बसवली. वेल्डिंगवाल्याकडून जाड पाइपाला बूड लावून मूस करून घेतली आणि तीत जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच, चेपलेल्या पातेल्याचे तुकडे टाकले. बराच वेळ काहीच होईना. मग तुकडे एकाएकी मऊ पडून खाली बसले. वरची मळी पळीने बाजूला सारली, तर खाली आरशासारखं लख्ख. काही क्षण मी ओतायचंच विसरले. शाळेतल्या एकाही वर्गाला हे दाखवलं नाही, याची चुटपुट लागली.

मोडका दांडा चिकटवून वाळूत त्याचा साचा घेतला होता. ती वाळू माझ्याकडून जास्तच भिजली होती. धातू पडताच फट्‌ आवाज झाला, वाळू उडाली आणि एक थेंब यांच्या बुटाशी येऊन पडला.

"पाण्याची वाफ होते, हे तूच शिकवायचीस ना?" लांब उडी मारून ते म्हणाले. मला हसू आवरेना. मग तेही हसले.

दुसऱ्या खेपेला साचा अर्धाच भरला. तिसऱ्या खेपेला वाळू मुठीत जेमतेम धरेल इतकीच ओली ठेवली आणि दांडा अख्खा निघाला. ओबडधोबड, पण अख्खा. दोन दिवस हेच त्याला कानस मारत बसले. मला हात लावू देईनात.

रविवारी गल्लीतल्या बायका शेवया करायला जमल्या. मावशीनं दांडा दोनदा फिरवून पाहिला.

"जड हाय जरा. पण हाताला बसतो."

"आम्हीच ओतला," हे ऐटीत म्हणाले. तो 'आम्ही' ऐकून मी पिठाचा गोळा मशीनमध्ये घातला आणि त्यांना म्हणाले, "आता फिरवा."

त्यांनी दुपारपर्यंत फिरवला.