सीड्यांची मोड अन् माझ्या पाटल्या

माझ्या बापानं माझं नाव क्रांती ठेवलं, म्हणूनच माझं तोंड गप बसत न्हाई, असं आमचं मालक म्हणत्यात. मालक म्हंजे आकाराम. गाव विट्याजवळ, धंदा गलाईचा. लोकांचं जुनं सोनं घ्यायचं, मुशीत वितळवायचं, कचरा काढून चोख करायचं. मदुरैला आमचं दुकान हुतं आन् दुकानामागं पडद्याआड संसार. माणूस लय सरळ, पण एका बाबतीत निव्वळ दगड. एखादी बाई दागिना मोडायला यायची, डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, शेठ, काम किती नाजूक हाय बघा तरी. तर ह्ये काट्यावरची नजरसुद्धा न काढता तिच्याच भाषेत सांगायचं, "घडणावळ धरत न्हाईत, बाई. वजनाचं मिळतंय." मी आत भाकरी थापत ऐकायची. वाटायचं, आवं, जरा तोंडदेखलं तरी बघा की त्या दागिन्याकडं! त्याला काय पैसं पडत्यात?

आमच्यात गुरुपुष्याला पोरीच्या नावानं गुंजभर का हुईना, सोनं घ्यायची रीत. आमची राजनंदिनी आठवीत गेली आन् हटून बसली, "पप्पा, मला सोनं नको, गेमची सीडी पायजे." माझ्या फौजी भावानं तिला टीव्हीला जोडायची मशीन दिलेली, त्याचं हे खूळ. मी म्हणलं, थोबाड फोडीन. पण ह्यांनी सीडीची डबी उलटीसुलटी करून बघितली, वरची किंमत वाचली आन् मान डोलवली. "एवढी महाग वस्तू हाय म्हंजे इकताना मोड येणारच, पैसं परत मिळणारच. घटीत थोडं जाईल, दुसरं काय?"

झालं! तवापासनं गुरुपुष्याला सोन्याऐवजी सीडी. पोरीचं खेळून झालं की ह्ये स्वतः मलमलीच्या फडक्यानं पुसायचं, हाराच्या मखमली पेटीत ठेवायचं आन् तिजोरीत कुलूपबंद. भावकी हसायची. ह्ये म्हणायचं, "हसा गड्यांनो. एक ओरखडा दाखवा मला."

पुढं मदुरैचं दुकान बसलं. गावाकडं येऊन ह्यांनी घराच्या पुढच्या खोलीत बारकी भट्टी घातली, पण काम कुठलं आलंय रोज? त्यातच पोरीला पुण्याला शीट लागलं. गेम बनवायचं शिक्षण असतंय म्हणं. तिनं घरात बसून एक गेम बनवली हुती, ती बघून त्या कॉलेजनं घेतली तिला. मी सगळ्या आळीत पेढं वाटलं. आन् मग कळलं, उद्या पाचच्या आत पैसं भरायचं, न्हाईतर शीट पुढच्या पोराला.

बँकेनं कर्जाचं कागद परत पाठवलेलं. घरात सोनं म्हणाल तर माझ्या हातातल्या दोन पाटल्या. वेलावर चिमण्या कोरलेल्या, माझ्या आईनं लग्नात घातलेल्या. आई गेली, तिचं एवढंच माझ्या अंगावर राहिलंय. मी पदराखाली हात लपवून बसले. लपवणार न्हाई तर काय करणार? एकीकडं पोरगी, एकीकडं आई.

मालकांनी ते बघितलं. "पाटल्यांना हात लावत न्हाई मी. तिजोरी कशाला भरलीया मग?"

पोरीनं साताऱ्याच्या एका दुकानाला फोन लावला. त्यांनी जुन्या सीड्या घ्यायचंच बंद केलेलं. सांगलीत एकजण घेतोय, असं त्यांनीच सांगितलं. सकाळच्या पहिल्या एस्टीनं आमी तिघं निघालो. पेट्यांची पिशवी ह्यांनी मांडीवर घट्ट धरलेली. 

दुकानदार वरद नावाचा तरणा मुलगा, सांगलीतलाच, बोलायला गोड. ह्यांनी काउंटरवर फडकं अंथरलं आन् एकेक पेटी उघडली. तो मखमलीकडंच बघत राहिला. मग एकेक सीडी उजेडाला धरली.

"काका, अहो, इतक्या स्वच्छ सीड्या मी बघितल्याच नाहीत. कंपनीतनं आल्यासारख्या आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी काय लढाई मारली. मी पदराखालचा हात बाहेर काढला.

वरदनं कंप्युटरवर काहीतरी बघितलं. परत बघितलं. मग मान वर न करता आकडा सांगितला. आवं, त्या पैशात पोरीचं पुण्याला जायचं भाडं आन् एक गादी आली असती!

"एका सीडीचं?" ह्यांनी विचारलं.

"सगळ्यांचं मिळून, काका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आरं, लाज वाटती का काय? बाप माणसानं जिवापाड जपल्यात त्या! तुझ्या दुकानात तीच डबी केवढ्याला लावलीयास, दिसतंय मला!"

"काकू, ती नवीन आहे. ही क्रिकेटची बघा. दर वर्षी नवीन टीम घालून नवीन गेम येते, मग जुनी कोण घेणार? उरलेल्या लोक घरबसल्या स्वस्तात उतरवून घेतात. नव्या मशिनींना तर काही काही सीडी घालायला जागाच नसते. माझ्याकडं पडून राहतात हो."

"पण एक ओरखडा न्हाई," ह्ये म्हणालं. आवाज बारीक झालेला.

"नाही ना. पण जपणुकीचे पैसे धरत नाही, काका."

ह्यांचा हात फडक्यावर तसाच थांबला. पोरगी दाराकडं तोंड करून उभी हुती, तिचे खांदे हलत हुते. मला वाटलं ह्ये आता भांडतील, निदान घासाघीस करतील. सोन्याच्या बाजारात ह्यांना फसवायची कुणाची टाप नव्हती. पण ह्यांनी एकेक पेटी मिटली, पिशवीत भरली आन् वरदला नमस्कार केला. नमस्कार! मला तर त्या पोराचं काउंटर उलथंपालथं करावं वाटत हुतं.

बाहेर आल्यावर म्हणालं, "क्रांते, दुसरीकडं बघू. तुझ्या भावाला इचारू."

"भावाला इचारून पाच वाजत्यात," मी म्हणलं. रागानं, रडू दाबून म्हणलं. "घरी चला. भट्टी पेटवा."

"मी शब्द दिलाय तुला."

"आन् मी पेढं वाटल्यात!"

घरी आलो तवा दुपार टळत हुती. पाटल्या हातातनं निघंनात, साबण लावून काढाव्या लागल्या. मनगटावर पांढरं वळ राहिलं. पोरगी म्हणाली, "मम्मी, नको, मी पुढच्या वर्षी..." तिला मी एकच शिवी हासडली. ह्ये म्हणालं, सराफाकडं देऊ या, माझ्याच्यानं हुणार न्हाई. मी म्हणलं, "न्हाई. माझ्या आईची वस्तू परक्याच्या भट्टीत जायची न्हाई. तुमच्या मुशीतनं चोख करून द्या, म्हंजे कुणी घटीत मारणार न्हाई. तीस वर्सं दुसऱ्यांच्या केल्या ना? करा."

ह्यांनी पाटल्या काट्यावर ठेवल्या. वजन बघितलंच न्हाई. उचलल्या, खिडकीपाशी नेल्या आन् फिरवून फिरवून बघायला लागलं. एवढी वर्सं त्या रोज ह्यांच्या डोळ्यांपुढं हुत्या. पोरगी दारातनं ओरडली, "पप्पा, चार वाजले!"

"ह्या चिमणीच्या चोचीत दाणा हाय गं," ह्ये म्हणालं. "मी कवा बघितलाच न्हाई."

माझ्या आईनं सोनाराला मुद्दाम सांगून घालून घेतलेला तो दाणा. 

"लय सुंदर घडण हाय, क्रांते," ह्ये म्हणालं आन् लहान पोरागत रडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या तोंडातनं हा शब्द ऐकला. त्या मदुरैच्या सगळ्या बायका माझ्या डोळ्यांपुढनं गेल्या. मग ह्यांनी डोळं पुसलं, पाटल्या मुशीत ठेवल्या आन् भट्टी पेटवली.

चोख सोनं सराफाला दिलं आन् पैसं वेळेत भरलं. पोरगी पुण्याला गेली. त्या सीड्या मी तिजोरीत परत ठेवल्यात. गुरुपुष्याला ह्ये अजून त्या मलमलीनं पुसत्यात, आन् मी गप बसून बघती.