गायधनी मॅडमची तपासणी

संस्थेच्या तपासणीला गेलं की इंदिराताई गायधनी चहा घ्यायच्या नाहीत. पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणलेली असायची. मी समाजकल्याणच्या ऑफिसात नवी होते, तेव्हा मला हे थोडं शिष्टपणाचं वाटायचं. जिल्ह्यातले वृद्धाश्रम, वसतिगृहं, दिव्यांगांच्या निवासी शाळा बघायला आम्ही दोघी जायचो. संस्थाचालक बिचारे पोह्यांच्या बशा घेऊन उभे राहायचे आणि ही बाई थेट संडास-मोरी गाठायची.

एकदा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "चहा घेतला की आपण पाहुणे होतो. पाहुण्याला पुढची खोली दाखवतात."

त्यांचं माहेर पंचवटीतलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची उतरायची सोय करायची पद्धत. लांबून, कुणी अस्थी घेऊन, कुणी श्राद्धाला आलेली माणसं त्यांच्या वडिलांकडे उतरायची. यात्रेकरू यायच्या आधी वडील लहानग्या इंदिरेला सांगायचे, आधी मोरीत जाऊन बघ, पाय घसरतो का. तेवढ्या शिकवणीवर त्यांनी सगळी नोकरी केली असं मला वाटतं. नियमांचं पुस्तक त्यांना पाठ होतं, पण त्या बघायच्या ते पाय कुठे घसरेल हेच.

दिंडोरी रस्त्यावर, म्हसरूळच्या पुढे, रंगनाथ आहेर यांचा वृद्धाश्रम होता. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांचा पूर्वी द्राक्षांचा धंदा होता. तो बंद झाला आणि मोकळं पडलेलं शीतगृह त्यांनी म्हाताऱ्या माणसांना दिलं. सुरुवातीला गावातल्या दोन निराधार बायका आल्या, मग एकेक करत घर भरलं. नाना स्वतः सकाळी भाजी निवडायला बसत. कुणाची दाढी करत, कुणाची नखं काढत. आमच्याआधी जे जे तपासणीला गेले, ते चांगला शेरा देऊन आले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आम्ही गेलो ते एप्रिलच्या भर उन्हात. आत पाऊल टाकलं आणि अंगाला गारवा लागला. शीतगृहाच्याच भिंती त्या. दोन पत्र्यांच्या मधे फोमचा जाड थर. खाटा ओळीनं लावलेल्या, चादरी धुतलेल्या. इंदिराताईंनी मोरी पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, औषधांचं कपाट पाहिलं. सगळं नीट होतं. मग त्या दालनाच्या मध्यभागी उभ्या राहून चारी बाजूंना बघत राहिल्या.

दालनाला खिडकी नव्हती. दार एकच, रुळावरून सरकणारं, वीतभर जाड. पंख्यांच्या वायरी त्याच फोमच्या भिंतींवरून खिळे मारून नेलेल्या होत्या.

दाराजवळच्या खाटेवर अक्काबाई बसल्या होत्या. निफाडकडच्या, काटक, जिभेला धार असलेल्या. इंदिराताई त्यांना म्हणाल्या, "आजी, हे दार जरा ओढून बंद करून पुन्हा उघडता का?"

"मला कशाला लावता कामाला? नाना उघडत्यात की."

"एकदा करून बघा."

मी दार लावलं. अक्काबाईंनी पदर खोचला, दोन्ही हातांनी कडी धरून जोर लावला. दार हललं नाही. त्या ओशाळून हसल्या. शेजारच्या खाटेवरची चंद्रभागाबाई काहीतरी बोलली. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं अगदी अस्पष्ट झालं होतं, मला एक अक्षरही कळलं नाही. अक्काबाई म्हणाल्या, "ती म्हनती, भाकरी कमी खाल्ली का आज."

नाना जवळच होते. "मॅडम, मी इथेच झोपतो. दार उघडायला मी असतोच."

"आणि तुम्ही नसलात तर?"

नानांना ते लागलं. चेहऱ्यावरूनच कळलं. इंदिराताईंनी समजावून सांगितलं की हा फोम पेटला तर दोन मिनिटांत धूर भरेल, निम्मी माणसं तर उठूही शकत नाहीत. मागच्या भिंतीत एक दार काढा, समोर सहज उघडणारं एक बसवा, वायरी बदला. पावसाळा संपेपर्यंत मुदत देते. नाना मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. जाताना मला म्हणाले, "ताई, माझ्या हातून इतक्या जणांनी शेवटचं पाणी घेतलंय. माझ्याकडे बोट दाखवलं आज कुणीतरी."

ऑफिसात साहेब म्हणाले, "आहेरनाना देवमाणूस आहे. जरा सौम्य लिहा."

"देवमाणूसच आहेत," इंदिराताई म्हणाल्या. "मी भिंतीबद्दल लिहितेय."

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. दार झालेलं नव्हतं. शीतगृहात भावाचीही भागीदारी होती, तो भिंत फोडू देईना, असं नाना म्हणाले. ते बाहेर बोलत असताना इंदिराताई चंद्रभागाबाईच्या खाटेवर टेकल्या. म्हातारी वर बोट करून काहीतरी सांगत होती. पुन्हा पुन्हा तेच. इंदिराताईंनी अक्काबाईंकडे पाहिलं. अक्काबाईंनी आधी बाहेर नानांकडे पाहिलं. नानांवर त्यांचा जीव होता.

"ती म्हनती, त्या दिशी धूर झालता," शेवटी त्या म्हणाल्या. "पंख्याची वायर जळली. नानांनी फडकं मारून इझवलं. काय नाय झालं."

भिंतीवर, पंख्याच्या वर, नवा रंग दिलेला एक चौकोन होता.

दुसऱ्या दिवशी इंदिराताईंनी अहवाल दिला. नवी दारं होईपर्यंत दालन रिकामं करावं, रहिवाशांना दुसऱ्या संस्थांत हलवावं. साहेबांनी पुष्कळ समजावलं. पेपरात येईल, गावकरी रस्त्यावर येतील. त्या म्हणाल्या, "ते सगळं होईल. पण धूर झालाय हे कळल्यावर आता मला न कळल्यासारखं करता येणार नाही." साहेबांनी सही केली. त्यांनाही ते सोपं गेलं नाही.

हलवायचा दिवस मला अजून आठवतो. गावातल्या बायका येऊन रडत होत्या. नाना एका कडेला खुर्ची टाकून बसले होते. जागा मिळेल तशी माणसं वाटली होती. चालत्याफिरत्यांना नाशिकरोडला, अंथरुणावरच्यांना सिन्नरकडच्या संस्थेत, कारण तिथे नर्स होती. अक्काबाई नाशिकरोडच्या गाडीत आणि चंद्रभागा सिन्नरच्या. इंदिराताईंनी दोघींना एकत्र ठेवायचा प्रयत्न केला होता. सिन्नरला चालत्या माणसांसाठी जागा नव्हती आणि नाशिकरोडला नर्स नव्हती.

अक्काबाई गाडीत चढेनात. त्यांनी इंदिराताईंचा हात धरला.

"तुझी आई हाय का गं घरी?"

"सासूबाई आहेत."

"तिला उचलून ने बरं असं. नेशील?"

इंदिराताई म्हणाल्या, "आजी, दारं झाली की परत आणते. दोघींना."

"तिचं बोलनं कोन समजून घेनार तिथं?"

इंदिराताईंनी हात सोडवून घेतला नाही. अक्काबाईंनीच सोडला.

त्यानंतर इंदिराताईंनी जे केलं ते त्यांच्या कामाचा भाग नव्हतं. दर रविवारी त्या नाशिकरोडला जायच्या, अक्काबाईंना रिक्षानं स्टँडवर आणायच्या आणि एसटीनं सिन्नरला न्यायच्या. मी दोनदा बरोबर गेले. अक्काबाई वाटेत त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत. खिडकीतून बाहेर बघत बसत. कंडक्टरनं विचारलं, "आजी, लेक आहे का?" तर म्हणाल्या, "नाय. सरकार हाय."

सिन्नरची संस्था चांगली होती. स्वच्छ, उजेडाची. नर्स मनापासून करणारी. पहिल्या रविवारी ती म्हणाली, "आजी फार शांत आहेत. काही मागतच नाहीत."

चंद्रभागाबाई अक्काबाईंना बघून रडायला लागली आणि रडता रडता बोलायला लागली. अक्काबाई कान लावून ऐकत होत्या. मग नर्सकडे वळल्या.

"मागती ती. कवाची मागती. अळणी वरण तिला जात नाय. आन्‌ भिंतीकडं तोंड करून निजवू नका म्हनती, डाव्या अंगावर निजवा."

नर्सनं त्याच वेळी खाट फिरवली, स्वयंपाकिणीला सांगितलं. पण रविवार ते रविवार मधे बाकीचे दिवस होते. चंद्रभागाचं खाणं कमी होत गेलं. थंडीत छातीत कफ झाला. सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सगळं केलं. संक्रांतीच्या आसपास ती गेली.

तिचं जवळचं कुणी नव्हतं. इंदिराताईंनी नानांना फोन केला. मी समोरच बसले होते. त्या फक्त म्हणाल्या, "नाना, चंद्रभागाबाई गेल्या. तुम्ही याल का?" मग त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "येतायत."

नानांनीच अग्नी दिला. अक्काबाईंना आम्ही घेऊन गेलो होतो. त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. मला भीती होती त्या सगळ्यांसमोर इंदिराताईंना बोलतील. परत निघताना नाना इंदिराताईंजवळ आले. त्यांचे डोळे लाल होते.

"मी भावाशी आधीच नीट बोललो असतो, मॅडम, तर ती तिच्या खाटेवर गेली असती," ते म्हणाले. "मला राग आला म्हणून मी बसून राहिलो."

"मीही दोघींना एका ठिकाणी ठेवायला हवं होतं," इंदिराताई म्हणाल्या. "जागा नाही म्हटल्यावर मी थांबले. आणखी चार ठिकाणी विचारायला हवं होतं."

त्यानंतर काम भराभर झालं. भावाला नाना स्वतः जाऊन भेटले आणि तो तयार झाला. इंदिराताई अग्निशमनच्या परवानगीसाठी नानांबरोबर खेटे घालत होत्या, त्यांची फाइल हातात धरून, जणू काही संस्था त्यांचीच. फोमच्या भिंती काढून विटांच्या झाल्या, दोन रुंद दारं आली, खिडक्या आल्या. गारवा गेला. उन्हाळ्यात आता तिथेही उकडतं आणि म्हातारी माणसं त्याबद्दल कुरकुरतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला माणसं परत आली. सगळी नाही. एक-दोघं नाशिकरोडलाच रमली.

ऑफिसात इंदिराताईंनी एक गोष्ट लावून धरली. कुठल्याही संस्थेतून माणसं हलवायची वेळ आली, तर आधी प्रत्येकाला विचारायचं, तुम्हाला कुणाबरोबर राहायचंय? आणि ती जोडी, ते तिघं-चौघं, मोडायचे नाहीत. जागा मिळेपर्यंत शोधायचं. साहेब म्हणाले, हे व्यवहारात अवघड आहे. त्या म्हणाल्या, "अवघड आहेच." आता आमच्याकडे तसंच करतात. नवीन आलेल्या मुलींना ते का करतात हे माहीत नसतं, पण त्या प्रत्येकाला विचारतात.

गेल्या वर्षी इंदिराताई निवृत्त झाल्या. निवृत्त व्हायच्या आधी मी त्यांना विचारलं होतं, पुन्हा तीच वेळ आली तर दालन रिकामं कराल का? त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा खाली ठेवला.

"करीन," त्या म्हणाल्या. "पण तुला वाटतंय का, करीन म्हटल्यावर मला बरं वाटतं?"

अक्काबाई अजून आहेत, नानांकडेच. इंदिराताई महिन्यातून एकदा म्हसरूळच्या बसनं तिकडे जातात, आता कुणाच्या वतीनं नाही. गेल्या खेपेला मी त्यांना माझ्या गाडीनं घेऊन गेले होते. बाहेर बाकावर दोघी बसल्या होत्या, मधे हातभर अंतर. अक्काबाई लसूण सोलत होत्या आणि त्यांनी अर्ध्या पाकळ्या न विचारता इंदिराताईंच्या पुढ्यात सरकवल्या.

"माझा राग गेला नाय अजून," त्या लसणाकडे बघत म्हणाल्या.

"असू द्या."

"जायाचाबी नाय बहुतेक."

"बरं."

मग अक्काबाईंनी विचारलं, पुढच्या महिन्यात कुठल्या वारी येशील, कारण त्यांचे पाय दुखत होते आणि कुणीतरी बरोबर असेल तर त्यांना दवाखान्यात जाऊन यायचं होतं. इंदिराताई म्हणाल्या, बुधवारी. मी गाडीकडे निघाले तेव्हा दोघी, बुधवारी गर्दी असते की मंगळवारी, यावर बोलत होत्या.