संघ मैदान सोडून गेला तेव्हा

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा चौथी शिकलेले. सोलापूरकडच्या आमच्या तालुक्याच्या गावी मार्केट यार्डात हमाली करून त्यांनी मला इंजिनीअर केलं. कानडी मुलखात, महादेवपुऱ्यात नोकरी लागल्यापासून माझ्या मनात एकच होतं, दादांना कसोटी सामन्याचा एक अख्खा दिवस मैदानात बसवून दाखवायचा. गेल्या हिवाळ्यात तो योग आला. तिकिटं एकाच दिवसाची मिळाली. दादा रात्रभर गाडीत बसून आले आणि त्याच रात्री परत निघणार होते, कारण यार्डात कांद्याचा हंगाम होता.

जेवणाच्या सुट्टीतही ते जागचे उठले नाहीत. रोलर फिरवणाऱ्या माणसांकडे बघत बसले.

चहापानानंतर गडबड झाली. आपल्या फलंदाजाच्या बॅटजवळून चेंडू गेला, पाहुण्या यष्टिरक्षकानं तो झेलला आणि पंचांनी बोट वर केलं. फलंदाजानं तिसऱ्या पंचांकडे दाद मागितली. बऱ्याच वेळानं निर्णय फिरला, नाबाद. आमच्या बाजूला जल्लोष झाला. पण पाहुण्यांचा कर्णधार पंचांपाशी जाऊन हातवारे करू लागला. मग त्यानं आपल्या खेळाडूंना बोलावलं आणि अख्खा संघ पायऱ्या चढून आत निघून गेला. थोड्या वेळानं आपले फलंदाज आणि पंचही गेले. मैदान मोकळं.

"काय झालं रं?" दादांनी विचारलं.

बॅटला लागला की नाही, आमच्या जागेवरून काही कळलं नव्हतं. मोठ्या पडद्यावर दाखवतील म्हणून बघत राहिलो, तर तिथं सिमेंटची जाहिरात. शेजारी या शहरातल्या शिवाजीनगरचे एक वयस्कर गृहस्थ होते, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घराण्यातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. वादाचा चेंडू मैदानात दाखवत नाहीत, लोक खवळतात, असं त्यांनी सांगितलं. "स्वल्प बसा हो, येतेत ते," कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले.

कोणी आलं नाही. घोषणा नाही, काही नाही. ती जाहिरात पुन्हा पुन्हा लागत होती आणि माझं डोकं तापत होतं. निर्णय चुकलाही असेल, त्यांचा राग खराही असेल. पण एवढी माणसं उन्हात बसलीत, त्यांना एक शब्द सांगावा असं ना त्या संघाला वाटलं, ना पंचांना, ना सामना भरवणाऱ्यांना. हा दिवस मी दादांना द्यायचा ठरवला होता, आणि तो रिकाम्या गवताकडे बघण्यात चालला होता. मी तणतणू लागलो तेव्हा दादाच मला समजावू लागले.

"वजनात खोट दिसली की आम्ही बी पोती खाली ठेवतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पर का ठेवली ते समद्यांना सांगून."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गावाकडचे टेलर मास्तर. त्यांच्याच दुकानातल्या टीव्हीवर, बाहेर रस्त्यात उभं राहून, दादांनी आजवरचं सगळं क्रिकेट पाहिलंय. मास्तरांना वाटलं, दादा प्रत्यक्ष मैदानात आहेत, तेव्हा खरं काय ते तेच सांगतील.

"मला न्हाई दिसलं, मास्तर," दादा म्हणाले.

पलीकडून हसणं ऐकू आलं. मग मास्तरच सांगू लागले. चेंडू पॅडला घासून गेला होता, निदान टीव्हीवाले तसं म्हणत होते. दुकानातल्या निम्म्या लोकांना ते मान्य नव्हतं. दादा फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिले, मधूनच हुंकार देत. मैदान त्यांच्या समोर होतं आणि ते तिकडं बघतही नव्हते.

"बरं, आता पुढं काय?" त्यांनी विचारलं. "येनार हायत का न्हाई?"

टीव्हीवर बघून सांगतो, थांबा, असं मास्तर म्हणाले. दादा थांबले. मग नुसतं "बरं बरं" म्हणून त्यांनी फोन खिशात ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"उठा अण्णा, आजचा खेळ संपला."

अण्णा पडद्याकडे बघतच होते. "कोण सांगितलं? इथं काय सांगिले नाही की अजून."

"आमच्या गावास्नं फोन आला," दादा म्हणाले.